दुसरी मुलगी

आठवीचा निकाल लागला त्या दिवशी उमरेडच्या कोष्टीपुऱ्यात एकाही घरात माग चालू नव्हता. सूत आलं नव्हतं. एरवी पहाटेपासून गल्लीभर चालणारी मागांची खटखट बंद पडल्यामुळे कानांना चुकल्यासारखं होत होतं. जागेश्वर निखारे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसताच बसला होता. सत्यवती दारात येऊन पास झाल्याचं बोलली तेव्हा त्यानं मान वर केली, बरं झालं म्हणाला, आणि पुन्हा रिकाम्या मागाकडे पाहत राहिला. रुख्माबाईनं मुलीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

सत्यवतीला अजून एक गोष्ट सांगायची होती. पण गूळ तोंडात विरघळेपर्यंत तिचा धीर सुटला.

नववीपासून विषय निवडायचे होते. गावातल्या सगळ्या मुली गृहशास्त्र घेत. शाळेच्या एका बाजूला त्यांची वेगळी खोली होती, तिथं शिवण, स्वयंपाक, बाळाची निगा असं शिकवत. गणित आणि विज्ञान घेणारी मुलं पलीकडच्या लांब इमारतीत बसत. त्या इमारतीत सत्यवती एकदाच गेली होती, हिवाळ्यात, शाळेचं प्रदर्शन होतं तेव्हा. टेबलावर सूक्ष्मदर्शक यंत्र मांडलं होतं आणि मुलं रांगेनं त्याला डोळा लावत होती. तिची पाळी आली. काचेवर कांद्याचा पापुद्रा होता. तिला जे दिसलं ते तिनं कधी कुणाला नीट सांगितलं नाही. घरंच घरं, एकमेकांना चिकटलेली, जणू कुणी विणत बसलंय आणि अजून उठलेलं नाही. मागच्या मुलानं ढकललं म्हणून ती बाजूला झाली. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती जिथं हात लावी तिथं आत कुणीतरी विणत बसलंय असं तिला वाटे. कडुलिंबाच्या पानात, भिजलेल्या वाटाण्यात, दुपारी झोपलेल्या आईच्या तळव्यात.

म्हणून निकालाच्या दिवशीच तिनं हेडमास्तरांना गाठलं होतं. शरच्चंद्र घाटे हे धोतर-कोटातले, हळू बोलणारे गृहस्थ. ते रागावले नाहीत. तुझे गणिताचे गुण मी पाहिले आहेत म्हणाले, पण वर्गभर मुलांत एकटी मुलगी मी बसवणार नाही, उद्या काही कमीजास्त झालं तर गावाला काय तोंड दाखवू. मग खिडकीबाहेर बघत थोडे थांबले.

"दुसरी एखादी मुलगी तयार असेल तर दोघींना बसवतो. शाळा उघडायच्या आत सांग. आणि दोघींच्या वडिलांना घेऊन ये."

दुसरी मुलगी म्हणजे अनुसया. आणखी कुणाचं नाव तिच्या मनातच आलं नाही.

अनुसया शेजारच्या ईश्वरदास पराते याची मुलगी. दोन्ही घरांच्या मध्ये कुडाची भिंत होती आणि एका घरातला खोकला दुसऱ्या घरात ऐकू जाई. अनुसयाची आई वारल्यापासून चूल तिच्याकडे होती. दोन धाकटे भाऊ, बाप, आणि ती. शाळेत ती उशिरा पोचे, हाताला पीठ तसंच. गणितात तिला काठावर ढकललं होतं.

सत्यवतीनं तिला विहिरीवर गाठून सगळं सांगितलं. अनुसया दोर ओढत ऐकत होती. बादली काठाला टेकवली आणि म्हणाली, "हाव. घेऊ ना." कुणी घडीभर कळशी मागावी आणि आपण द्यावी, तसं.

सत्यवतीला आनंद झाला. आनंदाच्या मागोमाग भीती आली, आणि तो सगळा उन्हाळा ती गेली नाही.

पुढच्या आठवड्यात सूत आलं. नागपूरच्या एका शेठजीनं पुढच्या लग्नसराईच्या लुगड्यांचं काम दोन्ही घरांना मिळून दिलं. आषाढाच्या आत माल पोचवायचा होता. माग सुरू झाले आणि गल्ली पुन्हा गल्लीसारखी वाटायला लागली. बायका आणि मुली ओसरीत रहाट घेऊन सुताच्या कांड्या भरत बसायच्या. दुपारी ऊन असं पडायचं की समोरच्या घराची कौलं पाण्यात पडल्यासारखी हलत. रहाटाच्या घरघरीत डोळे जड होत, सूत बोटांतून आपोआप जात राही, आणि सत्यवतीला वाटे की आपण बसल्या जागी कुठंतरी निघालोय, छोट्या लाइनच्या गाडीत बसल्यासारखं, आणि स्टेशनं मागं पडताहेत.

त्या तंद्रीतच ती अनुसयाला बीजगणित शिकवी. सूत्रं पाठ म्हणवून घेई. अनुसया रहाट फिरवत म्हणे, अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग. म्हणणं बरोबर असे. पण अ म्हणजे काय असं विचारलं की ती हसून सुताकडे पाही. एकदा तिनं फार गंभीरपणे विचारलं की ह्या अ आणि ब चं एकमेकांशी नातं काय, आणि ते नेहमी सोबतच काहून राहतात.  सत्यवतीनं तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

दिवस जाऊ लागले तशी अनुसया भाकरी थापतानाही पुटपुटायला लागली. कुडाच्या भिंतीतून तो आवाज सत्यवतीला ऐकू येई. ऐकताना तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिला वाटे, आपण हिच्या डोक्यावर आपलं ओझं देऊन पुढे चाललोय आणि ही बिचारी काही न बोलता मागून येतेय. गृहशास्त्र घेतलं तर ही सहज पास होईल. आपल्यासाठी नापास होईल. हे मनात आलं की ती आणखी जोरानं शिकवी.

घरात तिनं एका संध्याकाळी सांगितलं. जागेश्वर अंगणात पाय धूत होता. विज्ञान घेऊन पुढे काय, असं त्यानं विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. पुढचं तिला काहीच दिसत नव्हतं, ती इमारत तेवढी दिसत होती. तसं तिनं सांगितलं. जागेश्वर हसला नाही. माल एकदा जाऊ दे, मग पाहू, म्हणाला.

लुगड्यांच्या उभ्या सुताला, शेवटच्या ताण्याला, खळ पाजायची होती तो दिवस ज्येष्ठातला. पहाटेच गल्लीत बांबूच्या घोड्या मांडल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरला. रुख्माबाईनं खळ शिजवून आणली. ईश्वरदास एका बाजूनं, जागेश्वर दुसऱ्या बाजूनं, हातात मोठे कुंचे घेऊन सुतावर खळ ओढत मागेपुढे चालत होते. उन्हं वर यायच्या आत सूत वाळायला हवं होतं. धागा न् धागा सुटा, ओला, उजेडात चकाकत होता, आणि गल्लीत जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर एक पांढरा ओढा वाहतोय असं सत्यवतीला वाटलं. ती खळीनं भरलेल्या घमेल्याजवळ उभी राहून पाहत राहिली.

गल्लीच्या तोंडाशी अनुसयाला काठी देऊन उभं केलं होतं. गायी चरायला निघायची ती वेळ. गुरं वळवून दुसऱ्या रस्त्यानं काढायची, एवढंच काम. अनुसया काठीला टेकून उभी होती, तिचे ओठ हलत होते, आणि डोळे कुठंच नव्हते.

एक कालवड तिच्या बाजूनं आत शिरली. आरडाओरडा झाला तशी ती बिथरली आणि सरळ ताण्यातून धावली. घोड्या कोसळल्या. ओलं सूत तिच्या शिंगांना, पायांना गुंडाळलं गेलं आणि ती ते ओढत धुळीतून पार नाल्यापर्यंत गेली.

ईश्वरदासनं मुलीला मारलं नाही. तो कुंचा हातात घेऊनच रस्त्यात खाली बसला. खळ त्याच्या धोतरावर ओघळत होती. शेजारची माणसं बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, पोरगी शिकून राहिली म्हणे, मोठ्या पोराईसंग बसणार आहे. कुणीतरी हसलं. अनुसया काठी धरून होती तशीच उभी होती, आणि तिच्या पायाजवळून कोंबड्या जात होत्या.

माल वेळेवर पोचणार नाही हे सांगायला जागेश्वर नागपूरला गेला. शेठजीनं त्याला दुकानात घेतलं नाही. पायरीवर उन्हात उभं ठेवलं, आतून गिऱ्हाइकांशी बोलत राहिला, आणि शेवटी नोकराकरवी निरोप दिला की यापुढचं काम दुसऱ्या गल्लीत जाईल. संध्याकाळच्या गाडीनं जागेश्वर परत आला. हे सगळं त्यानं रुख्माबाईला भाकरी खाताना सांगितलं, दुसऱ्याच कुणाचं झालेलं सांगावं तसं. सत्यवती ऐकत होती. 

"बाबा," ती म्हणाली, "अनीची चूक नाही. मीच तिले पाठ करायले लावलं होतं. तेच म्हणत होती ते."

जागेश्वरनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला.

"मंग उद्यापासून दोघी गाठी मारा," तो म्हणाला.

त्या गाठींनी ज्येष्ठ खाल्ला. तुटलेल्या धाग्याचं एक टोक शोधायचं, त्याचं दुसरं टोक शोधायचं, थुंकी लावून दोन्ही बोटांत फिरवायची आणि गाठ मारायची. मग पुढचा धागा. मान उचलली की डोळ्यांपुढे पांढऱ्या रेघा तरंगत. दोघी ईश्वरदासच्या ओसरीत समोरासमोर बसत, मध्ये सुताचा ढीग. बोटांची टोकं सोलवटली. अनुसया मधूनच उठे, भाकरी टाकी, भावांना वाढी, आणि परत येऊन टोक शोधी. ती आता पुटपुटत नव्हती. तिचं ते गप्प राहणं सत्यवतीला सोसवेना.

बाहेर आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. वारा बंद होता. धाकटे भाऊ आत झोपले होते.

"अने, तू गृहशास्त्र घे," सत्यवती म्हणाली. "माझ्यासाठी नको त्रास करून घेऊ. मी सरांले सांगून देतो. मीपण तेच घेईन."

अनुसयाचे हात थांबले. तिनं धागा खाली ठेवला नाही, बोटांतच धरून ठेवला.

"तुले कोनं सांगतलं, मी तुह्यासाठी घेऊन राहिली म्हणून?"

सत्यवतीनं मान वर केली.

"सकाळी उठली का भाकरी. शाळेतून आली का भाकरी. पोट्ट्याईच्या चड्ड्या शिव, बापाची खळ शिजव. अन् शाळेत जाऊन काय शिकू, भाकरी?" ती हळू आवाजात बोलत होती, भावांची झोप मोडू नये म्हणून. "त्या इमारतीत मले कोनी जेवाले नाही मागत वं. तितका वेळ मी नुसती बसन. मास्तर काही सांगन, मी आयकन."

"पण तुले गणित नाही येत."

"नाही येत." तिनं गाठ मारली आणि उरलेलं टोक दातानं तोडलं. "नापास होईन. पण वर्षभर तर बसू देतीन ना?"

 सगळा उन्हाळा आपण हिला आपल्यामागून ओढतोय असं सत्यवती समजत होती. आणि ही स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वाटेनं चालली होती, ती वाट तिला दिसलीच नव्हती. तिला हलकं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. नंतर तिनं कांद्याच्या पापुद्र्याबद्दल सांगितलं, पहिल्यांदाच, जमेल तसं. अनुसयानं सगळं ऐकून घेतलं आणि रोज कांदा चिरते पण असं कधी मनात आलं नाही, म्हणाली.

उशिरा का होईना माल गेला, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दोघींचे बाप धुतलेली धोतरं नेसून शाळेत गेले. ईश्वरदास येईल याची खात्री नव्हती. ताण्याच्या दिवसापासून तो मुलीशी कामापुरतं बोलत होता. पण आदल्या संध्याकाळी जेवताना तिनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, कुडापलीकडून नीट ऐकू आलं नाही. फक्त शेवटी ईश्वरदासचा आवाज आला, "पण सैपाक?" आणि अनुसया म्हणाली, "करून जाईन." हेडमास्तरांनी दोघांना खुर्च्या दिल्या. ते खुर्च्यांच्या कडेवर बसले आणि मान डोलवून आले.

ते वर्ष सत्यवतीला पुढे नेहमी एका लांबलचक सकाळीसारखं आठवलं. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर दोघी. पुढे मुलांच्या पाठी. पहिले काही दिवस मुलं मागं वळून बघत, खडूचे तुकडे टाकत, मग त्यांना कंटाळा आला. पावसाळ्यात खिडकीतून ओल्या गवताचा वास येई. जीवशास्त्राच्या तासाला बेडूक चिरायचा होता तेव्हा सत्यवतीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. अनुसयानं तिच्या हातातली सुरी घेतली आणि मासोळी साफ करावी तशा शांतपणानं पोट उघडलं. आत लाल एवढंसं काही अजून हलत होतं. मास्तर म्हणाले, हे हृदय. अनुसया त्याच्याकडे बघत कितीतरी वेळ वाकून राहिली. तास संपल्याची घंटा तिला ऐकू गेली नाही.

गणिताच्या तासाला मात्र ती बाहेर पाही. फळ्यावर अ आणि ब चालू असत, आणि ती हनुवटी तळहातावर ठेवून शांत बसे. तिचा चेहरा त्या वेळी असा दिसे की सत्यवती तिला हाक मारायची नाही.

गणितात ती नापास झाली. म्हणजे पुन्हा नववी. सत्यवती वर्गात दुसरी आली होती. पण दहावीत ती आता एकटी. हेडमास्तरांचं बोलणं ती विसरली नव्हती. आणि कुडापलीकडून ईश्वरदासचं बोलणं ऐकू येत होतं. तो चिडलेला नव्हता. वर्षभर तुझ्या मनासारखं झालं, म्हणत होता, आता पोरं मोठी होताहेत, एक माग रिकामा आहे, घरी बस.  अनुसयाची थाप ऐकू येत होती, भाकरीवर भाकरी.

त्या उन्हाळ्यात दोघी विहिरीवर भेटत, पण ह्या विषयावर बोलत नसत. अनुसयाच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. एकदा ती म्हणाली, बेडकाचं काळीज पाहिलं तेवढं बस झालं. आणि कळशी उचलून गेली.

शाळा उघडायच्या सुमारास एका सकाळी एक अनोळखी माणूस सायकल हातानं ढकलत कोष्टीपुऱ्यात आला. पायांना काळ्या मातीचा लेप, डोक्याला मळका फेटा. मागच्या कॅरियरवरून एक बारीकशी मुलगी उतरली आणि सायकलीला धरून उभी राहिली. त्यानं ईश्वरदास पराते यांचं घर विचारलं. ईश्वरदास माग थांबवून बाहेर आला. सत्यवती आपल्या ओसरीत कांड्या भरत होती, तिला सगळं दिसत होतं.

मारोतराव त्याचं नाव, पलीकडच्या खेड्यातला शेतकरी. मुलीला विज्ञान घ्यायचं होतं. तिनं जेवण सोडलं होतं. हेडमास्तरांकडे गेला तर ते म्हणाले की एकटीला बसवता येत नाही, पण पराते यांची मुलगी नववीत बसणार असेल तर तुमची बसेल. म्हणून तो आला होता. हे सगळं त्यानं उभ्याउभ्या सांगितलं, फेटा काढून हातात घेतलेला होता.

"दादा, तुमची पोरगी बसन का?" तो म्हणाला. "तिच्या भरोशावर माझी गोदू बसन."

 ईश्वरदासकडे असं कुणी बऱ्याच दिवसांत काही मागायला आलं नव्हतं, फेटा हातात घेऊन तर कधीच नाही. शेजारची माणसं दारात आली होती. त्यानं खांद्यावरच्या पंचानं बाज झटकली आणि मारोतरावाला बसायला सांगितलं. आत वळून चहा मांडायला सांगितला. मग तोही शेजारी बसला, पाठ ताठ करून.

"आमची पोरगी गणितात कच्ची आहे, हे सांगून ठेवतो," तो म्हणाला. "पण बसन. बसते ना ते."

कुडापलीकडे भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

सत्यवती दुसऱ्या दिवशी एकटीच हेडमास्तरांपुढे उभी राहिली. बोलायचं सगळं घोकून गेली होती. घाटे सरांनी तिला बोलू दिलं नाही. नववीत दोन मुली झाल्या, म्हणाले, म्हणजे इमारतीत तीन. मी मुली मोजल्या, वर्ग नाही मोजले. जा, बस.

दहावीच्या शेवटच्या बाकावर ती एकटी बसली. बाक फार लांब वाटला. पहिला तास सुरू झाला तरी तिचं लक्ष लागेना. मधल्या सुट्टीत ती बाहेर आली तेव्हा अनुसया आणि गोदू चिंचेखाली उभ्या होत्या. गोदूचे डोळे रडून लाल झाले होते. मास्तरांनी फळ्यावर काय लिहिलं ते आपल्याला काहीच कळलं नाही, असं ती हुंदके देत सांगत होती. अनुसयानं आपल्या लुगड्याच्या पदरानं तिचं नाक पुसलं.

"पहिल्या वर्षी नाही समजत," ती म्हणाली. "मलेपण नव्हतं समजत. घाबरू नको, चाल, बेडूक पुढच्या महिन्यात आहे."